पाटी नसलेला बगीचा

४ मार्च
आलो एकदाच्या! बागेच्या कुंपणाच्या आतच दोन खोल्या मिळाल्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी बाग दिसते. पोरगी सकाळपासून हुंदडतेय. तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच तिला अशी खिदळताना पाहिलं.

काम माझ्या आवडीचं आहे. इथे देशोदेशींच्या पद्धतीचे बगीचे केलेत. एकात नुसती दाताळ्याने विंचरलेली पांढरी वाळू आणि मोजके दगड, दुसऱ्यात पाण्याचे पाट आणि डाळिंबं, तिसऱ्यात निवडुंगच निवडुंग. प्रत्येकाची माहिती सांगणारी पाटी मी लिहायची. म्हातारे माळीकाका म्हणाले, इथे जेवणाच्या सुट्टीत जगप्रदक्षिणा होते.

७ मार्च
दाट कुंपणामागे शेवटचा एक बगीचा आहे, त्याला पाटीच नाही. राखाडी पानांची बुटकी झुडपं गोलाकार लावलेली, मधे चोपून सपाट केलेली जमीन. बागेच्या साहेबांना विचारलं. म्हणाले, हे बियाणं ज्या लोकांकडून आलं त्यांच्यातलं आता कुणीच उरलेलं नाही, मग झाडांची नावं सांगणार कोण? भिंगरी मधोमध मांडी घालून बसली ती हलेचना. म्हटलं, बरं झालं, टेकली तरी एकदाची.

१२ मार्च
शाळेतून आली की दप्तर फेकून तिकडेच पळते. पाण्याला काहीतरी वेगळंच म्हणते, चपलेलाही. पोरखेळ म्हणून मीही साथ दिली. आज मात्र शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. वर्गात हाक मारली तर वळून बघत नाही, वाचायला सांगितलं तर अक्षरांकडे टकामका बघत बसते. डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला. नवी जागा आहे, रुळेल म्हणाले.

१५ मार्च
आज काकांना धरून बसवलंच. आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. माझ्याआधी पाट्या लिहायला आलेल्या माणसाची बायको अशीच तिथे जाऊन बसायला लागली होती. पुढे तोही. ती दोघं कुठे गेली, कुणी विचारलंसुद्धा नाही.

"ताई, त्या बागेला तिची माणसं हवीत," काका म्हणाले. "जुनी संपली, म्हणून ती नवी करते."

हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. ते झारी उचलून चालते झाले.

१६ मार्च
सामान बांधलं, तिला कडेवर घेऊन फाटकाबाहेर पडले. परवापर्यंत याच फाटकातून शाळेत जायची, पण आज रस्ता ओलांडेपर्यंत पोरीचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. धावत आत आणली, तर लगेच सुरळीत. पुन्हा गेले. पुन्हा तेच. साहेब म्हणतात, दमा असेल.

१८ मार्च
झुडपं मुळासकट उपटली. तळवे सोलून निघाले. दुपारी पाहिलं, तर सगळी जागच्या जागी. काकांकडे ते मागायला गेले — वाकडं, धारेचं, गवत कापतात ते — नावच आठवेना.

१९ मार्च
तिने मला हाक मारली. आई नाही. दुसरंच काही. आणि मी ओ दिली —

२० मार्च
काका हात जोडून सांगतात, तुम्ही तरी निघा, तुमचा श्वास अजून कोंडत नाही. खरंच नाही कोंडत. फाटकाबाहेर उभी राहिले. बस आली. गेली. एकटी जाऊन मी — कुणासाठी —

२१
ती मधे बसलीय. रडतेय. का रडतेय ते मला अर्धंच कळतं. तिच्याशी तिथे बोलायला कुणी नको का —

मी जाते. शेजारी बसते. मला कुणी ओढलं नाही, एवढं राहू दे इथे. मी आपण होऊन —

हाक मारतेय. आले गं बाळा, आ—