निळ्या झग्यातला माणूस

४ मार्च २०२२
देऊळ बंद. पायथ्याशी साखळी, कपाळाला बंदूक लावून ताप मोजणारा पोरगेला शिपाई. साक्षात देवालाही भेटायची सोय नाही — मग माझी मुलगी रोज वर कुणाला भेटते?

"भाजी पोचवते," म्हणते. दंडाला स्वयंसेवकाची लाल पट्टी. वरच्या ताओ साधूंना खाली उतरायला मनाई, म्हणून वस्तीतल्या कुणीतरी टोपली न्यायची. कुणीतरी! मग माझी आलामच का? ग्वांगजौचा कारखाना बंद पडून घरी आल्यापासून केर काढायला सांगितलं की हिची कंबर दुखते. टोपली घेऊन डोंगर मात्र हिला चढवतो.

माझी टोफूच्या खिरीची गाडी ताडपत्रीखाली पडलीय. नाहीतर पायथ्यावरूनच नजर ठेवली असती.

९ मार्च
केस वाढवतेय. शाळेपासून कान उघडे राहतील एवढेच ठेवायची! लग्नाच्या आदल्या दिवशी आईने विंचरायचं काय, टक्कल? — किती बोलले असेन मी. तेव्हा ढिम्म. आता विचारलं तर, "न्हाव्यांची दुकानं बंद आहेत ना."

उघडलीत. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

१५ मार्च
लसणाच्या पातीचं आम्लेट केलं, तिचा जीव की प्राण. हात लावला नाही. परवा गोमांसाच्या शेवया तशाच ठेवल्या होत्या. "वास नको वाटतो."

वास नको वाटतो! मीही एक पोर जन्माला घातलंय, मला कळत नाही?

नवऱ्याला सांगितलं. तो पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे घालत होता. "आलामची आई, तुला भिंतीवरच्या पालीचाही संशय येतो." असू दे. उद्या पोट दिसायला लागलं की त्या पक्ष्यालाच विचारा काय करायचं ते.

१६ मार्च
पोटाचं काही नाही. दोरीवरचे कपडे बघून कळलं. सुटले! पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

२२ मार्च
चादर बदलताना तिच्या उशीखाली लाकडी काडी सापडली, अंबाड्यात खोवायची. बाजारातली नाही. कुणीतरी बसून हाताने घासून गुळगुळीत केलीय. एवढा वेळ पुरुष एकाच कारणासाठी घालवतो.

होती तशी ठेवून दिली. तिला कळता कामा नये.

२७ मार्च
पाहिलं! धरणाच्या बांधावरून देवळाचा ओटा दिसतो. आलाम कठड्याशी उभी आणि शेजारी एकजण — उंच, निळा झगा, डोक्यावर अंबाडा, तोंडाला मास्क. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आलाम मास्क काढून हसत होती. घरात शेवटची कधी हसली, मला आठवत नाही.

हे म्हणे लग्न न करणारे साधू. ढोंगी मेले.

३ एप्रिल
गेले शेवटी. शिपायाला चुकवून, बांबूतल्या मागच्या वाटेने, गुडघे धरत. ओट्यावर तोच निळा झगा पाठमोरा बसून भाजी निवडत होता.

"माझ्या पोरीचा नाद सोड," मी ओरडले.

झगा वळला. मास्क खाली आला. साठीची बाई! पुढचे दोन दात पडलेले.

"ताई, आधी पाणी प्या," ती म्हणाली. "कधीची सांगतेय आलामला, आईपासून लपवू नको. तिला आमच्यातली व्हायचंय, कायमची. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी तिचा अंबाडा बांधणार नाही."

मागे आलाम टोपली घेऊन उभी. "तुला सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस, आई?"

केस. पात. गोमांस. काडी. त्यापेक्षा पुरुष असता तर बरं झालं असतं. त्याला शिव्या देता येतात, नाहीतर जावई करून घेता येतो. एकुलती एक पोर देवाला कशी देऊन टाकायची?

"नाही," म्हटलं आणि खाली उतरले.

४ एप्रिल
आलामने गोमांसाच्या शेवया खाल्ल्या. वाडगा रिकामा. पातीचं आम्लेटही खाल्लं. "छान झालंय, आई." राग नाही, रडणं नाही.

यात काय डाव आहे? नवऱ्याला विचारलं. आज पक्ष्याकडे न बघता बोलला. "डाव कसला? तुझं ऐकतेय ती."

९ एप्रिल
अजून ऐकतेय. टोपली आता दुसरंच कुणी नेतं. लग्न जमवणाऱ्या बाईला बोलावू का, असं मुद्दाम विचारलं. "तू म्हणशील तसं," म्हणाली आणि केर काढायला लागली. मला तिची भीती वाटते आता.

११ एप्रिल
आलाम कात्री घेऊन आली. "पूर्वीसारखे काप ना, आई."

तिला पुढ्यात बसवलं. कात्री बाजूला ठेवली, फणी घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्या फणीला म्हणतात ते म्हटलं — शेवटपर्यंत नीट जाऊ दे. दुसरी फणी जोडीदाराच्या नावाची, तिसरी नातवंडांच्या. त्या दोन्ही तोंड मिटून फिरवल्या.

मग म्हटलं, "उशीखालची काडी आण."