विचारलं तेवढंच

३ फेब्रुवारी
कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या पायरीवर आम्ही तिघं एक पेरू खायचो — मी, धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र. मित्राच्या खिशात तेव्हापासून पक्कड असायची, म्हणून त्याचं नावच पक्कड. पेरूचे तीन भाग तो करायचा, सगळ्यात लहान स्वतःला ठेवायचा. पेरू सिस्टरांच्या बागेतला. एकदा सापडलो. धाकट्याने लगेच सांगितलं, "पक्कडने तोडला." तोडला होता धाकट्याने स्वतः. छड्या पक्कडने खाल्ल्या. मला कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही. विचारलं तेवढंच बोलावं, ही सिस्टरांचीच शिकवण.

आज पक्कडचं अपील सुनावणीला लागल्याचं कळलं.

४ फेब्रुवारी
सराफाच्या दुकानावरच्या दरोड्यात धाकटा होता. साथीदाराचं नाव सांगून माफीचा साक्षीदार झाला. नाव सांगितलं पक्कडचं. जुनी सवय! पक्कडला सात वर्षं, त्यातली तीन झाली. धाकटा दर रविवारी माझ्याकडे जेवायला.

९ फेब्रुवारी
पक्कडच्या नव्या वकीलबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "साथीदाराच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा टिकणं कठीण. त्याला दुजोरा लागतो. तो तुमचा आहे, ताई."

मी चहा ठेवला.

निकालात माझ्याविषयी लिहिलंय — 'सुशिक्षित, विश्वासार्ह साक्षीदार'. सिस्टर असत्या तर फळ्यावर लिहिलं असतं. सरकारी वकिलांनी दोनच प्रश्न विचारले होते. त्या संध्याकाळी आरोपी तुमच्या घरी आला होता? हो. हातात जड पिशवी होती? हो. दोन्ही खरं. पक्कडच्या तेव्हाच्या वकिलांना दुसऱ्या कोर्टात जायची घाई होती, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

निघताना बाई म्हणाल्या, "तेव्हाचं काही लिहून ठेवलेलं असेल तर बघा. परवानगी मिळाली तर अपिलातही नवा पुरावा देता येतो."

"बघते," म्हटलं.

१२ फेब्रुवारी
रविवार.

"तायडे, ती वकीलबाई काय विचारत होती?"

"साखर एकच चमचा चालेल का, हे मीच विचारलं."

"चेष्टा नको. मी खोटं बोललो असं निघालं, तर माफी जाईल. आत जाईन मी."

"मग पक्कडचं नाव का घेतलंस?"

"खऱ्याचं घेतलं असतं तर त्याने मला जिवंत सोडलं नसतं. पक्कड आपलाच आहे. समजून घेईल."

मग पुन्हा वाढून घेतलं. भूक छान आहे त्याची.

१३ फेब्रुवारी
कपाट आवरलं. अर्धंच.

१५ फेब्रुवारी
त्या वर्षीची वही सापडली. सापडली कसली — कुठे आहे ते ठाऊक होतं. दरोड्याच्या दिवशीची नोंद: 'पक्कड पाचला आला. शिलाई मशीन पूर्ण खोललं. पिशवीभर अवजारं. आठला गेला, चहाही बसल्या जागीच घेतला.' दरोडा साडेसहाचा.

कोर्टात जाईन. या वेळी न विचारता बोलेन.

ती वही आणि ही, दोन्ही वकीलबाईंना. शिलाई मशीन पक्कडला, सुटला की. निळा स्वेटर धाकट्याला. तिथे थंडी फार, असं पक्कडची बायको म्हणत होती.