सूर्यास्ताचा कागद

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज किल्ली हातात पडली. विश्रामबागेत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर पश्चिमेला, खिडकीत आभाळच आभाळ. एजंट धैर्यशीलनं महिनाभर माझ्याबरोबर हेलपाटे घातले. नोंदणी कचेरीत नागरिकत्वाच्या रकान्यात ‘ब्रिटिश’ लिहिताना पेन अडलं, तसा कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, “आण्णा, बोलण्यात आष्टा आन् कागदावर गोरा सायब.” सगळे हसले, मीही हसलो. जन्म आष्ट्याचा, नाव पायगोंडा, आणि सांगलीत घर घ्यायला परदेशी म्हणून भारतीय वंशाचं कार्ड दाखवायचं. इंग्लंडात, लेस्टरात शेहेचाळीस वर्षं गेली, पण पाचवीच्या पुस्तकातल्या कविता अजून चालीसकट पाठ आहेत. कविता पाठ असलेला माणूस कुठं परका होत नाही, असं गुरुजी सांगायचे. त्यांनी तो रकाना पाहिला नव्हता.

दारावर बायकोच्या, राजमतीच्या नावाची पाटी लावली. हे घर तिला कबूल केलेलं. ती असती तर आधी पाणी गाळायचं फडकं धुऊन वाळत घातलं असतं.

स्वयंपाकघरात तिचा कागद टांगला. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. म्हणजे ती जेवत नसे. तिकडं हिवाळ्यात चारच्या आधीच अंधार पडतो, म्हणून ती वर्षभराच्या तारखा आखून ठेवायची आणि रोज सकाळी त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ लिहायची. हा तिचा शेवटचा कागद, गेल्या साली अर्धवट राहिलेला. आजच्या तारखेपुढं लिहिलंय, सहा दहा. खिडकीतून पाहिलं, सांगलीचा सूर्यही बरोबर सहा दहाला टेकला. दोन्ही गावांचा दिवस एकदमच मावळला. मला फार बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार
शेजारच्या स्वप्नालीनं दिवाळीचं ताट आणून दिलं. तिचा नवरा साताऱ्याला नोकरीला असतो, शनिवार-रविवार येतो. ती बोलकी आहे. भिंतीवरचा कागद वाचून म्हणाली, “आण्णा, तिकडचा दिवस हितं कशाला टांगलाय?” मी म्हणालो, अक्षर बघ किती वळणदार आहे. तिला ते पटलं नसावं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जरा लवकर काळोखलं. ढग असतील.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं घेतात. कागदावर काल गेल्या सालचा तो रविवार होता. परवाच्या ओळीत पावणेसहा आणि कालच्या ओळीत एकदम चार बेचाळीस.

काल चार बेचाळीसला स्वयंपाकघरात अंधार झाला. आजही झाला. समोरच्या गच्चीवर चक्क ऊन होतं, एक बाई पापड उलटत होती. ते ऊन माझ्या खिडकीच्या कट्ट्यापर्यंत येऊन थांबलं होतं. मी हात बाहेर काढला तर ऊब लागली, आत घेतला तर गार.

डोळे तपासून घ्यायला हवेत.

३ नोव्हेंबर, सोमवार
डोळे चांगले आहेत. डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं.

स्वप्नाली साडेचारच्या पुढं भडंग द्यायला आली आणि दारातच थांबली. म्हणाली, किती अंधार हो तुमच्यात, आमच्यात तर लख्ख आहे. म्हणजे तिलाही दिसतो. तिनं दिवा लावला, पण उजेड बल्बाभोवतीच गोळा होऊन बसला.

ती गेल्यावर पाहिलं, ओट्याजवळ दोन ताटं वाढलेली. मी एकच वाढलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज हाक ऐकली. अंधार पडायच्या जरा आधी.

“आवं, दिस बुडतोय. या की जेवाय.”

मी पुढच्या खोलीत वही घेऊन बसलो होतो. उठून जाईपर्यंत अंधार झाला होता. एका ताटावर झाकण, दुसरं उघडं, त्यातली भाकरी बर्फासारखी गार.

भीती वाटली, हे खरं. आणि मोह झाला, हेही खरं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लिहून टाकतो. आजवर कुणाला सांगितलं नाही.

लेस्टरच्या गिरणीत मी दुपारपाळीला होतो. तीस वर्षं ती उजेडात एकटी जेवली आणि मी रात्री एकटा. पुढं निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. दुपारी भटकायचं, आठला जेवायचं. ती म्हणायची, एकदा तरी माझ्याबरोबर बसा. मी म्हणायचो, सांगलीत घर घेऊ, तिथं रोज बसू.

गेल्या बारा डिसेंबरला आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. तिनं दोन ताटं वाढली. सूर्यास्त तीन पन्नासला. मी वेळेवर येतो म्हणालो होतो. बागेतल्या बाकावर बसून संध्याकाळची एक जुनी कविता म्हणत राहिलो. एक कडवं आठवेना. घरी पोचलो चार दहाला. वीस मिनिटं.

ती माझ्यासाठी थांबली होती. दिवस गेला, म्हणून तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. रागावली नाही. ताट झाकून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. उद्या लवकर बसू.”

पहाटे ती गेली. उपाशी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
स्वप्नालीला एवढंच सांगितलं की अंधार कागदाच्या वेळेला पडतो. ती बस्तीतून, आमच्या जैन देवळातून, सांगलीच्या सूर्यास्ताचं छापील पत्रक घेऊन आली. तिनं स्वतःच्या हातानं कागद उतरवला आणि पत्रक लावलं.

सहापर्यंत ऊन होतं. एकच ताट. हाक नाही.

इतकं रिकामं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर
कागद परत लावला. स्वप्नालीला दार उघडलं नाही.

२ डिसेंबर
हाक रोज येते. रोज उठतो. स्वयंपाकघर चार पावलांवर आहे, पण पोचेपर्यंत अंधार. आज दारापासूनच हात पुढं केला — काकणांचा गार स्पर्श झाला —

९ डिसेंबर
कागदावर बारापुढं तारखा आहेत. वेळा नाहीत. ती लिहायला उरलीच नव्हती.

तेरापासून या घरात काय होणार?

स्वप्नाली दार वाजवून गेली. बाहेरून म्हणाली, “आण्णा, आमच्यात ऱ्हावा चार दिस.” बरी आहे पोरगी. पण बारा तारखेला मी दुसरीकडं कसा जाऊ?

१२ डिसेंबर
दुपारचे अडीच. वही घेऊन स्वयंपाकघरातच बसलोय. आज उठायचं नाही, की उशीर व्हायचा नाही. वांग्याचं भरीत, भाकरी, दही. दोन्ही ताटं मीच वाढली.

तीन. ऊन आहे. भूक लागलीय. घास घेणार नाही. ती थांबली होती, मीही थांबेन.

तीन वीस. काकणं वाजली. ती येतेय. आलीस का गं —

साडेतीन. अंधार. आत्ताच? तीन पन्नास लिहिलंय, मी रोज वाचतो — वीस मिनिटं आधी — तीच वीस —

समोर बसलीय. बोटं दिसतात, गार आहेत. माझं ताट तसंच. आता दोघंही उपाशी.

माझ्या ताटावर झाकण ठेवलं. म्हणते, “ऱ्हाऊ द्या. उद्या लवकर बसू.”

राजमती, उद्यापुढं तू वेळच लिहिली नाहीस. उद्या किती वाजता गं —