झंपर उलटं करून बघितलं

आई,
राहुल्याचा जय भीम.

शाळेत पत्र लिहायचा तास आला की मी दांडी मारायचो, तुला माहीतच आहे. आठवीनंतर तर वहीला हातच लावला नाही. त्यामुळं अक्षर बघून हसू नकोस. तुला जाऊन वर्ष होऊन गेलं आणि आज पहिल्यांदा लिहायला बसलोय, कारण तुझं लग्नातलं पांढरं झंपर माझ्या मांडीवर आहे आणि पुढं काय करावं ते मला कळेना झालंय. विचारू तरी कुणाला? आपल्या निरवांगीत तुझ्याइतकं शिवण कळणारं दुसरं होतं कोण?

आधी चांगली बातमी. आपल्या सुजीचं लग्न ठरलं, आई! मुलगा कळसचा आहे, बारामतीत औषधाच्या दुकानात कामाला जातो. बघायला आले तेव्हा तिनंच त्याला उलटे प्रश्न विचारले म्हणं. बिचारा घामाघूम झाला. तुझीच लेक ती.

लग्नात तिला पांढऱ्या साडीवर तुझंच झंपर घालायचंय. नवं नको म्हणती. तिनं ते कुरियरनं इथं तिरुपूरला पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. मी फोन केला.

"तूच इलास्टिक घातलंस, तूच काढ," म्हणाली.

"अगं, इंदापुरात कुणी पण काढून दील की."

"न्हाय. तू केलंयस, तूच निस्तर. अन् बहाद्दर, फाडू नको फक्त."

तुला तो दिवस आठवतो का गं? जयंती जवळ आली होती. मी चार दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो. दुखण्यानं तू पार वाळली होतीस आणि हे झंपर हातात घेऊन उभी होतीस. "राहुल्या, लई ढगळ होतंय रं. जयंतीला विहारात जायचं हाय. बघ की जरा. टेप घे, माप घे माझं."

आणि मी काय म्हणालो? "इलास्टिकला माप लागत न्हाय आई! कंपनीत दिवसभर चड्ड्यांना तेच तर लावतो मी."

"मी काय चड्डी हाय व्हय रं?"

किती हसलो होतो आपण! हसता हसता मी तुझ्याच पायमशीनवर बसलो. पाठीला खालून एक ओळ, दोन्ही बाह्यांना एकेक. इलास्टिक ताणायचं आणि वरून टीप मारायची. पाव तासात काम खलास. बाहेर पोरं मोटारसायकलचा हॉर्न वाजवत होती, बारामतीला जायचं होतं. मी झंपर तुझ्या हातात दिलं आणि चपला घालून पळालो. तुझ्या अंगावर कसं बसलं तेसुद्धा थांबून बघितलं नाही.

सुजीनं त्याच फोनवर पुढं सांगितलं ते ऐकून मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "दंडाला वळ उठायचे तिच्या. मी म्हणलं, ब्लेडनं कापून टाकू. तर म्हणायची, हात लावू नको, माझ्या राहुल्यानं कंपनीवानी काम केलंय."

का गं असं केलंस? एरवी मला बोलायला तुला काय कमी होतं? इंदापूरच्या हॉटेलातलं काम सोडलं तेव्हा बोललीस, पोल्ट्रीवरचं सोडलं तेव्हा तर आठवडाभर बोललीस. मग दंडाला काचतंय एवढं सांगायला काय झालं होतं? एक फोन करायचास. शिव्या घालायच्यास!

असो. आज रविवार, सुट्टी. सकाळीच खोलीवरच्या गच्चीत उन्हाला बसलो. बसवायला पाव तास लागला होता, काढायला दुपार झाली. ओढलं असतं तर जुनं कापड फाटलं असतं. म्हणून आतल्या बाजूनं ब्लेडच्या टोकानं चार-चार टाके सोडून एकेक टाका तोडला, मग दोरा हलक्या हातानं ओढून घेतला. इलास्टिक वाळून कडक झालं होतं, बोटात तुटत होतं. बाह्या सुटल्या, चुण्या मोकळ्या झाल्या. सुईची भोकं राहिली, ती पाणी लावून नखानं घासली. बरीच बुजली. काही नाही बुजली.

पण आई, त्याच्यासाठी झंपर उलटं करावं लागलं. त्या दिवशी मी नुसत्या कडा दुमडल्या होत्या, ते उलटं केलंच नव्हतं! तू शिकवलेली पहिली गोष्ट ती. कुणाचंही कापड दुरुस्तीला आलं की आधी उलटं करून बघ, आत किती माया सोडलीय ते बघ. गावातल्या बायकांचं शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचीस तू. "बाईमाणूस हाय, आज बारीक हाय, उद्या भरंल. माया असली की उसवून वाढवता येतंय."

तर दोन्ही कुशीला, काखेखालच्या शिवणीला, आत माया आहे, चांगली दोन बोटं. आणि मूळ शिवणीच्या अलीकडं, अंगाच्या बाजूला, हातशिलाईच्या तीन ओळी आहेत. पहिली सरळ, बारीक टाक्यांची. दुसरी अर्धा बोट आत, जरा वाकडी. तिसरी तिच्याही आत, आणि तिचे टाके असे की एखाद्या लहान पोरीनं घातलेत. तुझेच आहेत. तीन वेळा तू स्वतःच्या हातानं झंपर आत घेतलंस. दर वेळी अंग किती उतरलं ते तुझं तुला कळत होतं, आणि आम्हाला म्हणत होतीस, "आता बरं वाटतंय."

मग चौथी ओळ तुला घालता आली नसती का? आली असती. निदान सुजीकडून करून घेतली असतीस. तरी मला म्हणालीस, टेप घे. तुला मी जवळ बसायला हवा होतो, एवढंच ना? मी कमरेला टेप लावली असती, आकडा वाचला असता, तर मलाही कळलं असतं. खरं सांगू? थोडं कळलंच होतं. म्हणूनच माप घेतलं नाही मी. इलास्टिक लावलं की आकडा बघावा लागत नाही.

आता अडलंय ते इथं. सुजी अंगानं भरलेली आहे. तिला हे झंपर यायचं तर माया पूर्ण सोडावी लागणार, म्हणजे तुझ्या तिन्ही ओळी उसवाव्या लागणार. माझं इलास्टिक मी बिनघोर काढलं. तुझ्या टाक्याला मात्र ब्लेड लावायला गेलो आणि ठेवून दिलं. सुजीला फोन करून ओळींचं सांगितलं. तिनं मला तिन्ही ओळी परत एकदा सांगायला लावल्या. मग म्हणाली, "एकट्यानं उसवू नको, राहुल."

बहाद्दर नाही, राहुल्या नाही म्हणाली. राहुल म्हणाली.

सुपरवायझर लग्नाला तीनच दिवसांची सुट्टी देतोय. मी पंधरा दिवस आधी निघणार आहे. काम गेलं तर जाऊ दे. आजवर इतकी कामं उगाच सोडली, एक कारण असताना सोडून बघतो.

तर हा शब्द देतो तुला. झंपर कुरियरनं पाठवणार नाही, घेऊन येणार. सुजीला समोर उभी करून आधी तिचं माप घेईन, आकडा मोठ्यानं वाचीन. मग दोघं शेजारी बसून तुझे टाके एकेक करून सोडवू, तिसऱ्या ओळीपासून मागं मागं, तू धडधाकट होतीस तिथपर्यंत.

तुझा,
राहुल