बाराव्या पावलाची चूक

दादा,

मी हॉस्पिटलला निघालेय. जेवण झाकून ठेवलंय. बाबांचा पिक्चर टीव्हीवर लावून थांबवलाय, नुसतं बटण दाब. तोच, तीन दिवसांत थिएटरातून उतरलेला, ज्याला तू न बघताच कायम भंगार म्हणत आलास.

त्यात खुनी जिना उतरतो. तोंड दिसत नाही, संगीत नाही, फक्त पावलं. एक पडतं, एक घासतं. इतका दमलेला खुनी तेव्हा कुणी दाखवत नव्हतं. त्याच्या मागचा हवालदारही तितकाच दमलेला. शेवटी कुणीच जिंकत नाही, म्हणून लोकांनी पाठ फिरवली असेल. मला मात्र तो दरवेळी आणखी खरा वाटतो.

नट सरळ चालायचा. पावलांचा आवाज बाबांचा आहे. स्टुडिओत फरशीवर वाळू टाकून, डाव्या बुटात खडा घालून, पडद्याकडे बघत दिवसभर लंगडले. "मग पडद्यावरच्या नावांत तुम्ही कुठे?" असं तू विचारलं होतंस. नाहीतच ते नावांत.

(पान उलट.)

उद्या सकाळी आठला बाबांचा पाय काढणार आहेत. डावाच.

काल म्हणाले, "त्याने बघितला का गं?" मी हो म्हणून बसले. मला खोटं पाडू नकोस.

पायऱ्या अकरा आहेत, पावलं बारा. एक चुकून जास्त पडलंय, आणि ते कुणीतरी पकडेल म्हणून बाबा चाळीस वर्षं वाट बघतायत. कुठलं, ते मी लिहीत नाही. तू शोध, आणि आठच्या आधी येऊन त्यांची चूक काढ. नेहमी काढतोस तशीच.