राजघाटाचा फोटो

बुऱ्हाणपूर, रविवार, संध्याकाळ

भोपाळच्या पर्यटन मेळ्यातून काल परतले, पण तो फोटो काही डोक्यातून जात नाही. आमच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या स्टॉलवर मोठा करून लावला होता. राजघाट, तापी, कोवळं ऊन. कपडे धुणाऱ्या बायका मात्र डिझायनरनं काढून टाकल्या होत्या. “मॅडम, एकदम साफ दिखता है,” म्हणाला, आणि मीही मान डोलावली. का डोलावली?

पुण्याच्या एक ट्रॅव्हल एजंट बाई त्या फोटोपुढे थांबल्या. “घाट सुंदर आहे, पण तिथं कोणी राहत नाही का?”

मी मोबाइलमधला मूळ फोटो दाखवला. मधोमध माझी सुमनआत्या, साडी पिळताना हसतेय. बाई बघतच राहिल्या. एरवी सगळे एजंट पर्यटकांना बुऱ्हाणपुरात जरा थांबवून अजिंठ्याला पळवतात. या म्हणाल्या, “माझे लोक मुक्काम करतील. सकाळी घाटावर नेऊ.”

आनंदानं आज आत्याला सांगायला गेले. तिनं दोन्ही फोटो पाहिले.

“आधी मले पुसून टाकलं. आता पाहुणे आणते, तं मले एकदा तरी पुसलं का, बेटा? सकाळी आम्ही बाया तिथं आंघोळी करतो.”

खरंच, विचारलंच नव्हतं. मग विचारलं. ती म्हणाली, “सांजच्याला आण.”

आत्याचं म्हणणं पुण्याच्या बाईंना कळवलं. लगेच उत्तर आलं, “चालेल. आत्या भेटतील ना?”

ते आत्यालाच विचारावं लागेल.