नाल्यावरची रेघ

प्रिय सुमन,

महापालिकेत आज नव्या प्रभागांचे नकाशे लागले. मी जाऊन पाहून आले. हातातल्या पेन्सिलीच्या टोकानं आपला भाग शोधत गेले आणि नाल्यापाशी टोक थांबलं. रेघ अजून तिथंच आहे. तुझ्या वस्तीला आमच्या कॉलनीपासून तोडणारी तीच रेघ! हरकती द्यायची मुदत परवा संपते. तुला जाऊन आठ महिने झाले. जे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी आज लिहायला बसले आहे.

तू पहिल्यांदा दारात आलीस ती मेथीच्या जुड्या घेऊन. मी जुडी उलटून, देठ मोडून पाहिली. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "बाई, पोरांच्या वह्या तपासल्यावानी भाजी तपासता व्हय! मार्क किती देता?" तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या दिवसापासून मी भाजी फक्त तुझ्याकडून घेतली.

तुमची माळ्यांची वस्ती नाल्यापलीकडे, शाळा अलीकडे, आणि मध्ये नाला ओलांडायची ती बसकी फरशी. पाणी चढलं की फरशी बुडायची. माझ्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे दिसले, की मी खिडकीतून न पाहताच समजायचे, आज नाला भरला. तुझा धाकटा त्याच बाकावर बसायचा ना?

आठवतं, प्रभाग बायकांसाठी राखीव निघाला तेव्हा तू टोपली ओट्यावर ठेवलीस आणि एकदम म्हणालीस, "बाई, मी उभी ऱ्हाते. आपल्याला पूल पायजे. मागून मागून तोंड दुखलं." मी म्हटलं, "सातवी शिकलेली आहेस, पुरे. निवडून येणारे काय दिवे लावतात ते पाहतेच आहे मी." तू इतकी हसलीस, की शेजारच्या वहिनी बाहेर डोकावल्या.

आता ऐक.

त्याच आठवड्यात प्रभागाचा कच्चा नकाशा लागला होता. त्यात तुमची वस्ती आणि आमची कॉलनी एकत्र होती. सीमा वस्तीच्याही पलीकडून, शेतांच्या बांधाबांधानं वाकडीतिकडी गेलेली. भूगोल शिकवणाऱ्या बाईला ती रेघ बघवेना! घरी आले आणि सुवाच्य अक्षरात हरकत लिहिली: प्रभागाची सीमा नैसर्गिक असावी, जवळच नाला असताना बांधांवरून रेघ नेणं अशास्त्रीय आहे. खाली सही केली, पदवीसकट.

वस्ती डोळ्यांपुढे आली नाही का, असं विचारशील. नाही आली. नकाशावर तुमची घरं काढलेलीच नव्हती, आणि मी नकाशा पाहत होते. रोज सकाळी ज्या बाईकडून भाजी घ्यायची, ती त्या पांढऱ्या जागेत राहते हे मला सुचलं नाही. इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं मी?

सुनावणीला साहेब म्हणाले, "तुमच्यासारखे अभ्यासू नागरिक हवेत." बाहेर जिन्यात अण्णा उभे होते, रस्त्यांची कंत्राटं घेणारे. त्यांनी वाकून नमस्कार केला. "बाई, तुम्ही आमचं काम लई सोपं केलं." मला वाटलं, सभ्य माणूस आहे! किळस येते आता त्या नमस्काराची, आणि तो ऐटीत स्वीकारणाऱ्या माझीही.

पक्का नकाशा आला तो नाल्यावरूनच. तुझं घर, तुझे दीर-जावा, ज्यांच्या जोरावर तू उभी राहणार होतीस ते सगळे पलीकडच्या प्रभागात. तो प्रभाग खुला होता, तिथं अण्णांचा भाऊ उभा राहिला. आमच्या राखीव प्रभागात अण्णांची बायको. फलकावर तिचा फोटो सुपारीएवढा आणि अण्णांचा परातीएवढा. तरी तू आमच्याच प्रभागातून अर्ज भरलास. म्हणालीस, "कॉलनीतल्या बायका वळखत्यात मला. रोज भाजी देते त्यास्नी."

मग संक्रांत आली आणि अण्णांच्या अंगणात हळदीकुंकू मांडलं गेलं. मांडव, लाऊडस्पीकर, आणि प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलचा मोठा डबा. झाकणावर अण्णांचं नाव कोरलेलं! शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या बायका रांगेत उभ्या. मी शेजारच्या वहिनींना विचारलं, "लाज नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "अहो, वाण आहे. वाणाला नाही म्हणू नये." सवाष्णीच्या ओटीत लाच घालायची म्हणजे तिला नाकारताच येत नाही. काय डोकं चालवलं असेल मेल्यांनी!

मी विधवा. मला बोलावणं नव्हतं. पण संध्याकाळी डबा मात्र घरपोच आला. कुंकवाला मी चालत नव्हते, मताला चालत होते! मी तसाच उचलला आणि अण्णांच्या घरी नेऊन ठेवला. त्यांची बायको घाबरून म्हणाली, "बाई, वाण परत करत नाहीत, अपशकुन होतो." मी म्हटलं, "होऊ दे. तुम्हालाच होईल."

तू पडलीस. मतदानाच्या दिवशी तू पलीकडच्या केंद्रावर रांगेत उभी होतीस. तुझं मत तुला देता आलं नाही, यापेक्षा घाण थट्टा मी पाहिलेली नाही.

त्यानंतर वर्षानुवर्षं आपण माझ्या ओट्यावर तोच वाद घातला. मी म्हणायचे, पैशानं वाट लावली, डब्यांनी पाडलं तुला. तू मान हलवायचीस. "नाय बाई. डबा घिऊन बी मत मला देता येतं. पडद्याआड कोन बघाया येतंय? मला दिलीत की धा-वीस जनींनी, मला ठाऊक हाय. पन माझी मानसंच तिथं नव्हती, त्याला मी काय करू? रेघंला फसवता येत नाय."

मी आवाज चढवायचे. पैसा माणूस नासवतो, नकाशाचं काय एवढं, असं म्हणायचे. तुला वाटायचं, बाई तत्त्वाची आहे. तत्त्व कसलं! पैसा वाईट ठरला तर दोष अण्णांचा आणि डबे घेणाऱ्यांचा. रेघ वाईट ठरली तर त्यात माझी सही होती.

एकदा तू विचारलंस, अगदी सहज, मेथी निवडता निवडता. "बाई, त्या नकाशाच्या वक्ताला तुमच्या सहीचा कागद गेला हुता म्हनं?" मी म्हटलं, "कसला कागद? लोक काहीही बोलतात." तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. देठ तोडत राहिलीस. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आलीस, जुडी ठेवलीस, गेलीस. का गं भांडली नाहीस? माझ्यावर सोडून कशावरही भांडायचीस!

आता तुझंच बरोबर होतं, असं मी लिहून देते. डब्याला पोचे पडले, झाकण हरवलं, वहिनी त्यात कपडे धुवायची पावडर ठेवतात. रेघ मात्र तशीच आहे. मधल्या निवडणुकीत सगळ्या शहराच्या रेघा हलल्या, नाल्यावरची हलली नाही. पुलाचं विचारायला गेलं की अण्णांची बायको म्हणायची, नाला पलीकडच्या प्रभागात येतो. तिचा दीर म्हणायचा, अलीकडच्या. एका घरात राहणारी, एका पंगतीला जेवणारी माणसं, आणि नाला दोघांचाही नाही! डबा घेतलेल्या बाईला निदान डबा तरी मिळाला. वस्तीला कुणी फसवायलासुद्धा आलं नाही, कारण पलीकडच्या प्रभागात अण्णांच्या भावाला वस्तीच्या मतांची गरजच नव्हती.

तुझा नातू आता शाळेत जातो, त्याच फरशीवरून. तुझी सून त्याला कडेवर घेऊन पाण्यातून येताना परवा मी पाहिली. तिनं मला हाक मारली. मला ओ देववेना.

तर सुमन, मी हरकत लिहिली आहे. वस्ती आणि कॉलनी एकाच प्रभागात हवी, कारण शाळा एक आहे, बाजार एक आहे, वाट एक आहे. पण हे दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्यात लिहिलं आहे, की नाल्यावरची सीमा मागे माझ्याच हरकतीवरून ठरली, ती चूक होती आणि मी ती लपवली. सही अजून केलेली नाही. उद्या सकाळी फरशी ओलांडून वस्तीत येईन, तुझ्या ओसरीवर सगळ्यांना बोलावून कागद मोठ्यानं वाचेन, आणि तुझ्या सुनेसमोर सही करेन. मग तिला काय बोलायचं ते बोलू दे. तू बोलली नाहीस, ती बोलेल. मी मान खाली घालून ऐकेन. हे माझं वचन.

तुझी,
कॉलनीतली बाई